वरचं पाणी, खालचं घर

दर जुलैमध्ये काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं आणि त्यात अगदी खाली एक छोटी ओळ असते, वॉटरशेड प्रोटेक्शन फी. आमच्या घराला ४५ डॉलर. वर शाळा-बिळांसाठी जी रक्कम जाते त्याच्यापुढे हे काहीच नाही, एका वेळचं चौघांचं बाहेरचं जेवण म्हणा, पण अमेरिकेतल्या आमच्या मेरीलँड राज्यात या एका ओळीवरून जेवढी भांडणं झालीयेत तेवढी त्या वरच्या मोठ्या आकड्यांवरून झालेली मी तरी पाहिली नाहीत. निवडणुका गाजल्यात यावर. आणि आमच्या मराठी मंडळींच्या पॉटलकमध्ये पुरणपोळी बाजूला राहून यावर दोन-दोन तास वाद झालेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढूया, कारण तोंडी वादात माझं बोलणं कधीच पूर्ण होत नाही.

आधी ही फी आहे काय ते सांगते. पाऊस पडला की मातीवर पडलेलं पाणी बरंचसं मुरतं, छपरावर, ड्राइव्हवेवर, पार्किंगमध्ये पडलेलं मुरत नाही, ते वाहतं, रस्त्याच्या कडेच्या जाळीतून पाइपात जातं आणि पाइपातून थेट ओढ्यात. थेट म्हणजे थेटच, मध्ये कुठेही शुद्धीकरण वगैरे नाही. बाथरूमचं, किचनचं पाणी वेगळ्या लाइनने प्लांटला जातं, हे नाही जात. त्यामुळे रस्त्यावरचं ऑइल, लॉनवर मारलेलं खत, कुत्र्यांची घाण, सगळं त्याच्याबरोबर ओढ्यात, तिथून नदीत आणि तिथून चेसापीकच्या खाडीत. इथल्या जाळ्यांच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी लिहिलेलंही असतं की काही टाकू नका, हे पाणी चेसापीकला जातं. तर हे पाइप, पाणी थोपवणारे तलाव, ओढ्यांचे खचलेले काठ यांचा खर्च कोणी द्यायचा, तर ज्याच्या जागेत जेवढा कडक, म्हणजे पाणी न मुरणारा, पृष्ठभाग त्याने तेवढा, अशी ही कल्पना. आमच्या हॉवर्ड काउंटीने २०१३ साली घरांसाठी सरळ तीन पायऱ्या केल्या, टाउनहाउस (भिंतीला भिंत लागून असलेलं घर) किंवा कॉन्डो (मालकीचा फ्लॅट) असेल तर १५ डॉलर, पाव एकरापर्यंत प्लॉट असेल तर ४५, त्याहून मोठा असेल तर ९०. दुकानं, ऑफिसं, मॉल यांना मात्र मोजून, दर ५०० चौरस फूट कडक जागेमागे १५ डॉलर.

हे अचानक कुठून आलं? २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, चेसापीकमध्ये किती नायट्रोजन, किती फॉस्फरस आणि किती गाळ जाऊ द्यायचा याची मर्यादा घातली आणि २०२५ पर्यंतची मुदत दिली. मग २०१२ मध्ये गव्हर्नर मार्टिन ओ'मॅली यांच्या काळात राज्याने कायदा केला की नऊ मोठ्या काउंट्या आणि बाल्टिमोर शहर यांनी १ जुलै २०१३ पर्यंत अशी फी लावायची, दर ज्याचा त्याने ठरवायचा. विरोधकांनी त्याला रेन टॅक्स म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं काही चिकटलं की मूळ नाव आज कोणाला विचारलं तर सांगता येणार नाही. फ्रेडरिक काउंटीने निषेध म्हणून वर्षाला एक सेंट फी लावली. २०१४ च्या निवडणुकीत लॅरी होगन यांनी हा मुद्दा लावून धरला आणि मेरीलँडसारख्या डेमोक्रॅटिक राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आले. एकट्या या फीमुळे नाही आले, पण मोठा वाटा होता. २०१५ मध्ये सक्ती गेली. आता ज्या काउंटीला ठेवायची तिने ठेवावी, फक्त पाण्याच्या कामाला पैसा कुठून आणणार याचा हिशोब राज्याला द्यायचा. शेजारच्या बाल्टिमोर काउंटीने फी आधी कमी केली आणि मग बंदच केली. हॉवर्डमध्येही २०१६ च्या सुरुवातीला काउंटीचे प्रमुख (काउंटी एक्झिक्युटिव्ह) अ‍ॅलन किटलमन यांनी ती हळूहळू बंद करायचा प्रस्ताव आणला होता, काउन्सिलने तो फेटाळला.

आणि त्याच वर्षी ३० जुलैला एलिकॉट सिटीत पूर आला.

इथे जरा थांबते, कारण ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांना पुढचं कळणार नाही. एलिकॉट सिटी असा पत्ता हजारो घरांचा आहे, आमचाही आहे, आयटीतली आणि सरकारी नोकरीतली बरीच भारतीय कुटुंबं इथे आहेत शाळा चांगल्या म्हणून. पण ही सगळी वस्ती वर, टेकड्यांवर. मूळ गाव खाली. १७७२ मध्ये एलिकॉट बंधूंनी पटॅप्स्को नदीच्या काठी पिठाच्या गिरण्या काढल्या, कारण तिथे पाण्याला जोर होता, आणि त्या गिरण्यांभोवती दगडी घरांचं गाव झालं. मेन स्ट्रीट म्हणजे एका अरुंद घळीतला उताराचा रस्ता, खाली नदीपर्यंत जाणारा, आणि टोकाला १८३० चं रेल्वे स्टेशन. टायबर, हडसन आणि न्यू कट असे तीन ओढे वरून येऊन या घळीत एकमेकांना मिळतात आणि टायबर तर काही ठिकाणी चक्क इमारतींच्या पोटाखालून वाहतो. दुकानात उभं राहिलं की पायाखाली ओढा. एरवी उन्हाळ्यात घोटाभर पाणी असतं त्याला, मुलं दगडांवरून उड्या मारतात.

त्या शनिवारी संध्याकाळी दोनेक तासांत सहा इंचांच्या आसपास पाऊस झाला, म्हणजे साधारण १५० मिलिमीटर. मेन स्ट्रीटची नदी झाली. गाड्या वाहून गेल्या, फुटपाथखालची जमीन गेली, स्टेशनजवळचं घड्याळ खांबासकट गेलं, दोन माणसं गेली. एका गाडीत अडकलेल्या बाईला लोकांनी हाताला हात धरून साखळी करून बाहेर काढलं तो व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. आम्ही त्या वेळी घरी होतो, टेकडीवर, जेमतेम दीड-दोन मैलांवर. आमच्याकडे काय झालं? काहीच नाही. छपरावर पाऊस वाजत होता, गटरच्या पन्हळीतून पाणी भरभरून उतरत होतं, ड्राइव्हवेवरून रस्त्याला जात होतं, रस्त्यावरच्या जाळीत शिरत होतं आणि अंगणात दोन फांद्या पडल्या. लाइटसुद्धा गेले नाहीत. आमच्या रस्त्याचं पाणी हडसनला जातं आणि हडसन मेन स्ट्रीटला जातो, हे मला त्यानंतर काउंटीचा नकाशा बघितल्यावर समजलं.

मग मी हिशोब केला. आमचं छप्पर आणि ड्राइव्हवे मिळून समजा २०० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २०० गुणिले १५०, तीस हजार लिटर. पुण्यात दहा हजार लिटरचा टँकर मागवलेल्यांना लगेच कळेल हे किती आहे, तीन टँकर, दोन तासांत, एका घराचे. आमच्या गल्लीत किती घरं, टेकडीवर अशा किती गल्ल्या, त्यात रूट ४० वरचे पार्किंग लॉट धरा, जे शनिवारी रात्री रिकामे असले तरी पाऊस तेवढाच सोडतात. आणि आमचा सगळा भाग सत्तरच्या दशकातला. मेरीलँडमध्ये पावसाच्या पाण्याचं नियोजन करायचा कायदा आला १९८२ मध्ये आणि पाणी शक्यतो जागच्या जागी जिरवायचं हा आग्रह आला २००७ च्या कायद्याने. म्हणजे आमच्यासारख्या जुन्या वस्त्यांमध्ये पाणी थोपवायला ना तलाव, ना टाकी. नवीन टाउनहाउसांच्या मागे जे कुंपण घातलेले तलाव दिसतात, मध्ये भोकं पाडलेला काँक्रीटचा किंवा लोखंडी उभा पाइप, कडेला पाणकणसं, ते याचसाठी असतात, पाणी साठवून हळूहळू सोडायला. आमच्याकडे ते नाही. आमचं पाणी निघालं की तडक निघतं.

या फीच्या बाजूने बोलणारे बऱ्याचदा खाडीतल्या खेकड्यांबद्दल आणि ऑयस्टरबद्दल बोलतात, ते बरोबरच आहे, पण मला जी गोष्ट पटते ती याहून साधी आहे. वर राहणाऱ्याचं खाली राहणाऱ्याला देणं लागतं. माझ्या जागेवर पडलेलं पाणी मी उताराला लावून दिलं तर ते नाहीसं होत नाही, ते कोणाच्या तरी दारात जातं, आणि त्या माणसाने ते आयुष्यभर स्वतःच्या खर्चाने उपसत बसावं हा न्याय नाही.

आता वादाकडे येते. आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, अभ्यासू माणूस, उगाच विरोध करणारा नाही. त्याचं म्हणणं असं की अगं, मी प्रॉपर्टी टॅक्स भरतोच ना, पाइप दुरुस्त करणं हे सरकारचं मूळ कामच आहे, मग त्याचे वेगळे पैसे कशाला, उद्या रस्त्याच्या दिव्यांचे वेगळे घेतील. हा मुद्दा फालतू नाही. १९९८ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने लान्सिंग शहराची अशीच फी रद्द केली होती, ही फी नसून कर आहे आणि तिथल्या घटनेप्रमाणे मतदारांना विचारल्याशिवाय नवा कर लावता येत नाही असं सांगून. म्हणजे नावात फी म्हटलं की झालं असं नाही, त्यामागे मोजमाप पाहिजे, आणि पैसा त्याच कामाला गेला पाहिजे.

पण त्याला मी जे विचारते ते हे की प्रॉपर्टी टॅक्स कशावर ठरतो? घराच्या किमतीवर. किमतीचा आणि पाण्याचा काय संबंध? महागडा छोटा कॉन्डो उंच इमारतीत असेल तर त्याच्या वाट्याला छप्पर येतं मूठभर, आणि स्वस्तातलं गोदाम असेल तर त्याचं छप्पर आणि समोरचं डांबर मिळून एकरभर. शिवाय चर्च, मंदिरं, शाळा, सरकारी ऑफिसं यांना प्रॉपर्टी टॅक्स माफ असतो, पण त्यांचे पार्किंग लॉट काही कमी नसतात. करातून काढलं की त्यांचा वाटा आपोआप आपण भरतो. फी असेल तर त्यांनाही लागू करता येते. वॉशिंग्टन इथून तासाभरावर, तिथे आणि आजूबाजूला केंद्र सरकारच्या इमारतींचं केवढं साम्राज्य आहे, आणि काही सरकारी खाती अशा फीला कर म्हणून ती भरायला तयार नव्हती, शेवटी जानेवारी २०११ मध्ये ओबामांनी कायदा करून त्यांना वाजवी फी भरणं बंधनकारक केलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकार स्वतः पाणी सोडत असेल तर सरकारनेही द्यायला हवं.

दुसरा आक्षेप एका वहिनींचा, त्या टाउनहाउसमध्ये राहतात. त्या म्हणाल्या आमची एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, आमच्याकडून महिन्याला पैसे घेते, त्यातूनच आमच्या मागच्या तलावाची साफसफाई होते, मग काउंटीला परत का द्यायचे? आणि शेजारच्या कोलंबिया गावात तर तिथल्या असोसिएशनने एल्कहॉर्न आणि किटामाकुंडी तलावांतला गाळ लोकांच्याच वर्गणीतून काढला, म्हणजे वरून आलेल्या गाळाचे पैसे लोकांनी आधीच दिलेत. यावर माझ्याकडे उत्तर आहे पण पूर्ण नाही. ज्याने आपल्या जागेत पाणी थोपवायची सोय केलीय त्याला सूट मिळायला हवी, आणि मिळते, आमच्याकडे तसे क्रेडिट आहेत, पण एचओएच्या तलावासाठीचा अर्ज कोणी भरायचा, तपासणीचे कागद कोणाकडे, या सगळ्यात बोर्डावरचे लोक इतके वैतागतात की बरेच जण तो नाद सोडून देतात. हे काउंटीने सोपं करायला पाहिजे. जो तलाव नीट राखतो त्याला सूट आपणहून मिळाली पाहिजे, त्याने मागायला जायची वेळ येऊ नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, तो म्हणजे खालच्या लोकांकडूनही ही फी घेतातच की! मेन स्ट्रीटवरच्या दुकानदाराचं छप्पर कडक, मागची जागा कडक, त्याला मोजून बिल. पाणी त्याच्याच अंगावर आणि बिलही त्यालाच. कडक जागेवर मोजणारी कुठलीही पद्धत हे बघत नाही की तुम्ही उताराच्या वरच्या टोकाला आहात की खालच्या. दर ठरवताना उताराचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं, निदान जी गावं घळीत आहेत तिथे तरी. अवघड आहे, मान्य. पण छपरं विमानातून फोटो काढून मोजतात आजकाल, ओढ्यांचे नकाशे काउंटीकडे असतातच, मग हेही होऊ शकतं.

प्रिन्स जॉर्जेस काउंटीने चर्चच्या बाबतीत एक चांगला मार्ग काढला होता. तिथे चर्चवाले म्हणाले आम्हाला एवढं परवडत नाही, तर काउंटीने सांगितलं ठीक आहे, तुमच्या आवारात पाणी जिरवायची कामं करू द्या, लोकांना याबद्दल सांगा, फी कमी करतो. यावरही टीका झाली, सरकार आता प्रवचनात काय बोलायचं ते सांगणार का म्हणून. मला मात्र आपल्या मंदिरांनी हे करावं असं फार वाटतं. गणपतीच्या दिवसांत जे पार्किंग पुरत नाही ते वर्षातले तीनशेहून जास्त दिवस रिकामं असतं. त्याच्या कडेने एक खोलगट पट्टा सोडायला कोणाची हरकत असेल?

हा खोलगट पट्टा म्हणजे रेन गार्डन, आणि ते आमच्या अंगणात आहे म्हणून त्याबद्दल थोडं जास्त सांगते. आमच्या खालच्या घरात एक आजी राहतात, रिटायर्ड नर्स, एकट्याच. मोठा पाऊस झाला की त्यांच्या बेसमेंटमधला, साचलेलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप रात्रभर घरघरत असायचा आणि एकदा लाइट गेले तेव्हा पाणी चढून त्यांच्या नवऱ्याची जुनी पुस्तकं भिजली. त्यांनी कधी कोणाला काही म्हटलं नाही. आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांचा उतार त्यांच्याकडे. आम्ही पन्हळीचा एक पाइप वळवून बाजूच्या लॉनमध्ये आणला, तिथे फूटभर खोल, बशीसारखा उथळ खड्डा केला, चिकणमाती काढून तिथे वाळू आणि कंपोस्ट मिसळलेली माती भरली, आणि त्यात इथलीच झाडं लावली, मिल्कवीड, जो-पाय वीड, ज्यांची मुळं खोल जातात आणि ज्यांना पाय भिजलेले चालतात. काउंटी अशा कामाला खर्चातला काही भाग परत देते, तोही याच फीच्या पैशातून. अट एवढीच की पाणी दोन दिवसांच्या आत जिरलं पाहिजे, नाहीतर डास होतात. पाऊस चालू असताना त्यात पाणी चढताना दिसतं, मग थांबतं, काठावरचा पालापाचोळा गोल गोल फिरत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघावं तर नुसता ओला चिखल. ऑगस्टमध्ये मोनार्क फुलपाखरं येतात मिल्कवीडवर. आजी म्हणाल्या पंप आता पूर्वीसारखा वाजत नाही. अर्थात त्यांचं सगळं पाणी आमच्यामुळे येत नव्हतं, आणि १५० मिलिमीटरच्या पावसाला हा खड्डा दहा-पंधरा मिनिटांत भरून जाईल, मला याचं काही भ्रम नाही.

आणि इथे खरं तेच सांगायला पाहिजे. २०१६ चा पूर या फीने थांबला नसता. पूर आल्यानंतर जो अभ्यास झाला त्यात असंही निघालं की वरच्या टेकड्यांवर सगळं जंगल असतं तरी एवढ्या पावसात मेन स्ट्रीटवर पाणी आलंच असतं, कमी आलं असतं पण आलं असतं. घळच तशी आहे, खाली खडक, वर मातीचा पातळ थर. १८६८ मध्ये वर ना टाउनहाउस होती ना मॉल, तरी पटॅप्स्कोच्या पुरात चाळीसहून जास्त माणसं गेली होती. विरोधक हे सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नाहीत. पण कमी आलं असतं, या तीन शब्दांत खालच्या माणसाचं सगळं आलं. पाणी कमरेला आहे की डोक्यावर, यावरच त्याचं जगणं ठरतं. आणि मोठे पाऊस रोज येत नाहीत, रोज येतात ते अर्ध्या-एक इंचाचे, ओढ्यांचे काठ त्यांनीच कापले जातात. आमच्या मागच्या ओढ्याचा काठ आता भिंतीसारखा उभा आहे, वरच्या ट्युलिप पॉप्लरची मुळं हवेत लोंबताहेत, ती माती गेली कुठे, तर खाली, नदीत आणि खाडीत.

लोकांनी मेन स्ट्रीट परत उभी केली, दुकानं उघडली, घड्याळ परत बसवलं. आणि २७ मे २०१८ ला, रविवारी दुपारी, पुन्हा तेच. या वेळी आणखी जास्त पाऊस. नॅशनल गार्डमधला एक जवान दुसऱ्याला मदत करायला गेला आणि वाहून गेला. घड्याळ पुन्हा गेलं. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी घरदार गहाण टाकून दुकान उभं केलं होतं त्यातल्या काहींनी मग गाव सोडलं. त्यानंतर मात्र मोठी कामं ठरली, खालच्या काही इमारती पाडायच्या, वरच्या बाजूला पाणी थोपवणारे तलाव बांधायचे, आणि डोंगराच्या पोटातून १८ फूट व्यासाचा, जवळजवळ मैलभर लांबीचा बोगदा काढून पाणी मेन स्ट्रीटला बगल देऊन थेट पटॅप्स्कोत न्यायचं. ईपीएकडून साडेसात कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. कर्ज म्हणजे ते फेडायचं आहे, आणि फेडणार आम्हीच, वरचे आणि खालचे मिळून.

माझं माहेर पुण्यात सहकारनगरच्या बाजूला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आईचा फोन आला होता, आवाज नीट येत नव्हता, मागे लोकांचा आरडाओरडा. कात्रजच्या डोंगरातून निघणारा हा ओढा, पेशव्यांनी अठराव्या शतकात तो अडवून तलाव बांधला, शहरात पाणी आणलं, ओढ्याची वाट वळवली. आज त्याच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर काय बांधकाम झालंय ते कात्रजला गेलेल्या कोणालाही दिसतं. त्या रात्री टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, सोसायट्यांच्या सीमाभिंती गेल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकमेकांवर चढल्या, शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त बळी. आईच्या सोसायटीची मागची भिंत गेली. मग ती कोणी बांधायची यावर जो घोळ सुरू झाला तो विचारू नका, अर्ज, पाहणी, पुन्हा अर्ज, आणि शेवटी रहिवाशांनी वर्गणी काढली. त्या वर्गणीत ओढ्याच्या वरच्या बाजूच्या एकाही सोसायटीचा रुपया नव्हता. असणार कसा, तशी काही पद्धतच नाही.

पुण्याच्या मिळकतकराच्या बिलात ओळी कमी नाहीत. सर्वसाधारण कर, सफाई पट्टी, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ कर, जलनिःसारण लाभ कर. पण हे सगळं घराच्या करपात्र मूल्यावर. तुम्ही आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक घातलेत की माती ठेवलीत, याने बिलात काही फरक पडत नाही. रेनवॉटर हार्वेस्टिंग केलं तर मिळकतकरात थोडी सूट आहे, ते चांगलं आहे, पण न करणाऱ्याला त्याचं काहीच द्यावं लागत नाही. दरवर्षी मेमध्ये नालेसफाईची टेंडरं, जूनमध्ये पाणी तुंबल्याचे फोटो. मुंबईत तर जुन्या पावसाळी वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या, ब्रिमस्टोवॅड या पावसाळी वाहिन्यांवरच्या अहवालात १९९३ मध्येच सांगितलं की क्षमता दुप्पट करा, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हाही ते काम बरंचसं कागदावरच होतं. पैसा नव्हता असं कोणी म्हणू नये, मुंबई महापालिकेकडे पैसा असतो. त्या पैशावर पावसाच्या पाण्याचं नाव लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो दरवर्षी दुसरीकडे जात राहिला.

म्हणून मला वेगळी ओळ हवी वाटते, इथेही आणि तिथेही. सोसायटीत तळमजल्यावरचे लोक लिफ्टचे पैसे आम्ही का द्यायचे म्हणून भांडतात, ते भांडण सगळ्यांना माहितीये. इथे त्याच्या उलट आहे, वरच्याचं पाणी खालच्याकडे जातं आणि खालच्याला भांडायला जागाच नसते, कारण वरचा कोण हे त्याला माहीत नसतं. बिलात ओळ असली की निदान भांडता येतं. रक्कम बरोबर की चूक, कुठे खर्च झाली, कोणता तलाव दुरुस्त झाला, कोणाला सूट मिळाली, हे विचारता येतं. आमच्याकडे दर वर्षी बजेटच्या वेळी काउंटी जाहीर सुनावणी घेते, तीन मिनिटं बोलायला मिळतात, कोणीही जाऊन बोलू शकतं. मी गेलेय. मेन स्ट्रीटवरच्या एक दुकानदार बाई माझ्या आधी बोलल्या होत्या, त्यांनी नुसतं एवढंच सांगितलं की पावसाचा अंदाज आला की त्या रात्री झोपत नाहीत, दुकानातला खालच्या दोन फळ्यांवरचा माल वरच्या मजल्यावर नेऊन ठेवतात, दर वेळी.

आमच्या त्या मित्राशी वाद अजून मिटलेला नाही. तो म्हणतो फी ठेवा, पण बोगद्याचं कर्ज त्यातून फेडू नका, ते सगळ्या काउंटीच्या करातून फेडा, कारण मेन स्ट्रीट सगळ्यांची आहे. मी म्हणते वरच्यांनी थोडं जास्त द्यावं, आणि खालच्यांना सूट द्या, आणि मंदिरं, चर्च, शाळांनाही द्यायला लावा, पण त्यांच्या पार्किंगमधलं डांबर फोडायला मदतही करा. यंदाच्या सुनावणीला आम्ही दोघंही जाणार आहोत. तो त्याचं मांडेल, मी माझं मांडेन, आणि खालच्या आजींना मी विचारलंय येणार का म्हणून, गाडी आमचीच आहे.